मुकादमाचं पहिलं काम

जव्हार संस्थानात मोटारी बोटांवर मोजण्याइतक्या होत्या, तेव्हाची गोष्ट. लाकडाचे व्यापारी करीमशेठ यांच्या एकुलत्या एका लॉरीवर इदरीस ड्रायव्हर होता. मोखाड्याकडच्या रानातून साग भरून तो जव्हारच्या वखारीत आणायचा. एका संध्याकाळी शेठनी त्याला अचानक वखारीचा मुकादम केलं.

"शेठनी तुमच्यात असं काय पाहिलं?" घरी त्याचा कोट झटकताना त्याच्या बायकोनं, कनीजनं विचारलं.

"अक्कल," इदरीस छाती फुगवून म्हणाला.

सकाळी तो खुर्चीत बसला. हमालांनी वाकून सलाम केला. सगळं झकास होतं, पण आपली लॉरी आता दुसरं कुणी चालवणार, हे काही त्याच्या घशाखाली उतरेना. जो कुणी असेल त्याला पहिल्याच दिवशी धाकात घ्यायचं त्यानं ठरवलं.

"नवा ड्रायव्हर कुठाय? हजर करा त्याला माझ्यासमोर!" तो गरजला.

लॉरीच्या आडून गळ्यात रुमाल बांधलेले, डोळ्यांवर काळा चष्मा चढवलेले साठीचे करीमशेठ पुढे आले. चोरासारखं इकडेतिकडे बघत ते इदरीसच्या कानाशी वाकले.

"हळू बोल रे बाबा! मोटारीला हात लावणार नाही, अशी बेगमनं मला कसम घातलीय. ती आली, तर शेठ रानात माल बघायला गेलेत म्हणून सांग."

आणि किल्ली फिरवत म्हणाले,

"तेवढ्यासाठीच तर तुला मुकादम केलाय."