कारण लिहिणे आवश्यक

“अहो, पण तो फोन चोरीला गेलाय!” शिंपीणबाई तिसऱ्यांदा ओरडल्या. मशीनवर अर्धवट शिवलेला पडदा तसाच लोंबत होता.

“समजलं, मॅडम,” गाण्यांच्या कंपनीतला माणूस फोनवर पलीकडून तितक्याच गोड आवाजात म्हणाला. “आपलं गाणं पाच उपकरणांवर चालतं. आपली पाच झाली आहेत. नव्या फोनवर हवं असेल तर जुन्यांपैकी एक मोकळं करा. त्या उपकरणावर ‘हो’ दाबायचं, बस्स.”

दाबायचं कुठे? पहिला फोन नवऱ्याला झटका आला त्या सकाळी त्याच्याच हातून पडला. तो दुरुस्त करून आणला, तर आतलं काहीबाही बदललं म्हणून कंपनीच्या लेखी तो दुसराच फोन झाला, आणि पंधरा दिवसांत तोही मेला. लेकीने दिलेला टॅब फुगला. घरचा कॉम्प्युटर जळाला. पाचवा फोन आठ दिवसांपूर्वी बाजारात पिशवीतून गेला. म्हणजे आजच्या घडीला ते गाणं एकच माणूस ऐकू शकत होता, आणि तो चोर होता. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच.

नवरा खिडकीपाशी खुर्चीत बसला होता. तीस वर्षं बस चालवलेला माणूस, गल्लीत सगळे त्याला ड्रायव्हरसाहेब म्हणत. स्टिअरिंगवर बसला की मोठमोठ्याने गायचा, प्रवासी हसायचे. झटक्यानंतर उजवा हात सावरला, पण वाचा गेली ती गेलीच. मग वाचेच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, बोलणं अडलं तरी कधीकधी गाणं अडत नाही, त्यांचं आवडतं गाणं रोज लावा. बाईंनी लावलं. पहिल्या ओळीत चार शब्द होते. तीन महिन्यांत तीन म्हणता आले. चौथा, ‘घरी’, अगदी ओठांवर आला होता, आणि फोन गेला.

“खंड पडू देऊ नका हं, मिळवलेलं परत जातं,” डॉक्टरीणबाई बजावून गेल्या होत्या. तसंच झालं. काल ड्रायव्हरसाहेबांना एकच शब्द आला, तोही अर्धा. दुसऱ्या कुणी गायलेलं तेच गाणं बाईंनी फुकटात शोधून लावून पाहिलं. दुसऱ्या शब्दावर टूथपेस्टची जाहिरात किंचाळली. ते इतके दचकले, की दिवसभर फोनकडे पाहीनात.

“मग मी पुन्हा विकत घेते,” बाई म्हणाल्या.

“ते गाणं ज्या संग्रहात आहे, तो आता विक्रीत नाही, मॅडम.”

“पण मी घेतलाय ना! माझं गाणं आहे ते!”

“गाणं आपलं नाही, मॅडम. आपल्याकडे ते ऐकण्याचा परवाना आहे.”

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आजवर त्यांनी हजार पडदे शिवले असतील. “उद्या मी तुम्हाला पडदा शिवून दिला,” त्या म्हणाल्या, “आणि सांगितलं, घर बदललंत तर हा उघडायचा नाही, तर चालेल का तुम्हाला?”

“आपली सूचना नोंदवून घेतो, मॅडम. आपण त्या उपकरणाला विनंती पाठवून पाहा. आपला दिवस चांगला जावो.”

दिवस चांगला जावो! जळो मेलं ते बोलणं. बाईंनी विनंतीचं पान उघडलं. खाली एक चौकोन होता, ‘कारण लिहिणे आवश्यक’. त्यांनी लिहिलं, ‘चोरी’. फोन म्हणाला, किमान वीस अक्षरं हवीत. दुःखालासुद्धा यांचं माप! मग मात्र त्यांनी खडूचं बोट पदराला पुसलं आणि सगळंच लिहून टाकलं. ‘माझ्या नवऱ्याची वाचा गेली आहे. हे गाणं लागलं की त्याला शब्द येतात. तीन आले होते, ते आता जायला लागलेत. गाणं मी पैसे देऊन घेतलेलं आहे. मी कुणाचं काय वाकडं केलंय?’ विनंती पाचही उपकरणांवर गेली. त्यातल्या चारांवर वाचायला कुणी नव्हतंच.

त्या पुन्हा मशीनवर बसल्या. डोळे भरून आलेले, दोरा काही सुईत जाईना. पडद्याची एक बाजू कशीबशी झाली, तेवढ्यात फोन वाजला. ‘आपली विनंती मान्य झाली आहे. गाणं ऐकू शकता.’

बाईंनी पुढचं काही वाचलंच नाही. धावत खुर्चीपाशी गेल्या. “अहो, ऐका! लागलं!”

गाणं सुरू झालं. ड्रायव्हरसाहेबांची मान वळली. बोटं खुर्चीच्या हातावर ठेका धरायला लागली. पहिल्यांदा नुसताच सूर आला. दुसऱ्यांदा एक शब्द आला. बाई गाणं पुन्हा पुन्हा मागे नेत राहिल्या. पाचव्या खेपेला तिन्ही शब्द एकापाठोपाठ आले, आणि त्यामागून, अडखळत, घाम फुटेपर्यंत जोर लावून, “घ... घरी.”

बाईंनी त्यांचा हात धरला आणि खूप रडल्या. मग त्यांना कंपनीतल्या त्या माणसाची आठवण झाली. उगाच बोलले त्याला, शेवटी पाझर फुटलाच की, असं त्यांना वाटलं. आभार मानावेत म्हणून त्यांनी तो संदेश पुन्हा उघडला.

तो कंपनीचा नव्हताच. ‘उपकरण क्रमांक पाचने होकार दिला आहे,’ असं वर लिहिलं होतं. होकार द्यायलाही तोच चौकोन भरावा लागत असावा, कारण खाली ‘कारण लिहिणे आवश्यक’ होतं आणि त्यापुढे कुणीतरी टाइप केलं होतं:

‘फोन परत देऊ शकत नाही. पण गाणं तुमचंच आहे.’