मधला गज

"मधला गज वाकडा आहे," वेल्डर म्हणाला आणि डब्यातल्या पालकाचा घास त्याने नाक मुरडून गिळला. "दुसरा काप."

लेकीने हात पुसले. या एका गजावरून त्याने सकाळपासून तिचं डोकं खाल्लं होतं. खिडकीच्या ग्रिलची चौकट बाकावर आडवी पडली होती. गज नुसते मांडलेले, वेल्डिंगचे टाके जेवणानंतर मारायचे. गज कापायचे, घासायचे, मांडायचे, ही तिची कामं. टाके मात्र तो स्वतःच मारी. त्या निळ्या उजेडासमोर तो तिला फिरकू देत नसे. ती हट्टाला पेटली की तो म्हणे, "डोळे जातात त्याने," आणि मशीन बंद करून चहाला निघून जाई.

डोळ्यांच्या डॉक्टरकडे तो एकटाच जाऊन आला होता. आल्यावर घरात सांगितलं, "काही झालेलं नाही. पालक, गाजर, मका, अंड्यातला पिवळा बलक, असलं खा म्हणाले. उजेडाने डोळ्याचा पडदा भाजतो, त्याला हे आतून सावली धरतं म्हणे." तेव्हापासून डब्यात रोज काहीतरी हिरवं असे. "आता बें बें करायचं तेवढं राहिलंय," असं कुरकुरत तो खाई, पण वाटी पुसून संपवी. पाला पोटात गेला की तो मशीनपुढे बसायला मोकळा.

"बाबा, गज सरळ आहे."

"मग काय माझे डोळे वाकडे?"

तिने दोरी घेतली, एक टोक चौकटीला बांधलं, दुसरं बोटाला गुंडाळलं आणि मधल्या गजाला लावून ताणली.

"दोरी ढिली आहे. नीट ताण."

"अहो, बोट तुटायची वेळ आली माझं!"

तो उठून जवळ आला. दोरी मधोमध वाकलेली होती, अगदी गजासारखीच. त्याने नखाने ती छेडली. टण्ण वाजली. ताणलेल्या दोरीला बाक नसतो, हे त्याला कुणी शिकवायला नको होतं. त्याने डोळे मिटले आणि गजावरून अंगठा फिरवला. अंगठा या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ गेला. डोळे उघडले, तर गज पुन्हा वाकडा.

त्याने अंगठा गजावरून उचलला.

लेकीने दोरी सोडली आणि त्याच्याकडे न बघता गुंडाळत बसली. मग हळूच म्हणाली, "तुम्ही म्हणत असाल तर कापते दुसरा. त्यात काय एवढं?"

"नको."

तो तिच्याकडे बघत राहिला. हल्ली तिचा चेहरा नीट दिसायला त्याला तिच्या कानाकडे बघावं लागे. सरळ बघितलं की मधोमध धूर. त्याने कानाकडे बघितलं, तेव्हा कडेने तिचे डोळे दिसले. काळेभोर, भरून आलेले.

खिळ्यावरची काळी काच काढून त्याने तिच्या पुढ्यात ठेवली.

"आजचे टाके तू मार. अंगठा फिरवून मी बघतो. आणि काच तोंडापुढे धरल्याशिवाय, मी मारत आलो तसा, एक जरी टाका मारलास ना, तर कान पिरगाळीन."

तिने काचेला हात लावला नाही. "बाबा, डॉक्टर नेमकं काय म्हणाले होते?"

तो पुन्हा डब्याशी जाऊन बसला. "उजेडासमोर जायचं बंद करा, म्हणाले. तेवढं घरी येता येता विसरलो."

"विसरलात?"

"बरं, गिळलं! आणि म्हणाले, पडद्याचं जे जळून गेलं, ते पाला खाऊन परत येत नाही. पाला उरलेलं राखायला."

तिने डब्याच्या झाकणात वाढून घेतलेला नुसता बटाटा होता. पालकाला ती कधी हात लावत नसे. ते बाबांचं औषध. वेल्डरने आपली वाटी उचलली, चाचपत तिचं झाकण शोधलं आणि अर्ध्याहून जास्त पालक त्यात ओतला.

"खा पोरी. आपल्या घरात उरलेलं ते तुझ्या डोळ्यांत आहे."