आवळलं की फुलतं

दाराला कडी असते आणि माणसाला हात असतात, एवढी साधी गोष्ट या पोराला कुणी शिकवली कशी नाही, याचं आईला आजही नवल वाटलं. शिकवायची तिनंच होती, ते सोडा. लाथेनं दार ढकलून तो आत आला, कूलर छातीशी कवटाळून. काखेतली स्टँडची लोखंडी पट्टी दारातच खणकन टाकली आणि बूट न काढता, नुकत्याच पुसलेल्या फरशीवरून सरळ खिडकीकडे निघाला.

खिडकीत होया होता. जाड पानांचा वेल, गजांना वेटोळे घालत वर गेलेला. थंडी सरली तसे त्याच्यावर कळ्यांचे झुपके लागले होते, हिरवट, मिटलेले, मेणाचे मणी ओवावेत तसे. थंडीभर त्याला तहानलेला ठेवायचा आणि ऊन चढू लागलं की पाणी वाढवायचं, हे सांगणारी सासू आणि करणारी सून. साहजिकच गल्लीत नाव सासूचं.

"हे हलव," तो बायकोला म्हणाला. "कूलर इथं बसणार."

सून ओले हात पुसत आली. "अहो, कळ्या धरल्यात त्यानं. आता जागा बदलली की सगळ्या गळतील. एवढी फुलं होऊन जाऊ देत, मग मीच..."

त्यानं कूलर खाली ठेवला, अगदी अलगद, नवा होता ना. मग तिच्या कानाखाली आवाज काढला.

आई पलंगावर कपड्यांच्या घड्या घालत बसली होती. हा आवाज तिच्या ओळखीचा होता. पण आजवर तो भिंतीपलीकडून यायचा आणि ती रेडिओ मोठा करायची. आज मध्ये भिंत नव्हती, आणि रेडिओ पार तिकडे फळीवर.

"अरे, काय चाललंय काय?"

"तू घड्या घाल."

असं तिला कुणी म्हटलं नव्हतं. नवऱ्यानंसुद्धा नाही, आणि तो तर पोलिसात होता.

पोरानं शिवणाच्या डब्यातली कात्री उचलली. वेलावर एक आखूड, बिनपानांची, वाळल्यासारखी काडी होती. ती त्यानं आधी कापली.

"ती नको!" सून धावली. "जुनी दिसते, पण दरवर्षी तिच्यावरच फुलं येतात!"

"वाळकी काडी आहे." कच्. शेजारची दुसरी. तिसरी कळ्यांसकट. कापल्या जागेतून पांढरा चीक आला आणि त्याच्या बोटांवर ओघळला.

उरलेला वेल सोडवून घ्यायला सुनेनं गजांशी हात घातला. त्यानं खिडकीची झडप ओढली. तिची बोटं चौकटीत होती. ती अशी ओरडली की जिन्यातली पावलं थांबली आणि मग घाईनं खाली उतरली. त्यानं झडप सोडली नाही. खांद्यानं रेटून धरली आणि मोकळ्या हातानं तिचा गळा पकडला.

"आवळून ठेवलं की फुलतं," तो आईकडे बघून हसला. "तुझंच ना हे?"

तिचंच होतं. कुंडी लहान हवी, मुळं आवळलेली हवीत, तरच होया फुलतो, हे ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची. एकदा शेजारणींना हसवायला सुनेबद्दलही तेच म्हणाली होती. शेजारणी पोट धरधरून हसल्या होत्या. सून तेव्हा त्यांना चहा देत होती.

सुनेच्या तोंडून आता आवाजही येत नव्हता. टाचा तेवढ्या फरशीवर घासत होत्या.

आई उठली. एरवी उठताना सगळ्या घराला ऐकू जाईल इतकं कण्हणारी बाई, पण आज मांडीवरचा टॉवेलही पडताना वाजला नाही. दारातली लोखंडी पट्टी तिनं दोन्ही हातांनी उचलली आणि गादी झोडपावी तशी पोराच्या कोपरावर घातली. हाड गेलेलं तिला आपल्या तळव्यांत कळलं. तो वळला, तर दुसरा घाव गुडघ्यावर. भरलेलं पोतं कलंडावं तसा तो कूलरवर बसला आणि नव्या कूलरचं तोंड आत गेलं.

"हात मोडलास माझा! आई! सख्ख्या पोराचा हात मोडलास!"

"एकच मोडलाय. ओरडू नकोस."

सून खिडकीखाली कोसळली होती, खोकत, चेचलेली बोटं काखेत दाबून. केसांत कापलेल्या कळ्या अडकल्या होत्या. जरा श्वास आला तशी ती भिंतीला धरून उभी राहिली आणि दाराकडे सरकली. "मी जाते, आई," ती घोगऱ्या आवाजात म्हणाली. "तेवढी माझी पिशवी द्या."

"बस खाली," आई म्हणाली. मान न वळवता. पट्टीचं टोक तिनं पोराच्या छातीवर टेकवलं. तो तिच्याकडे पाहत होता, लहानपणी खोटं पकडल्यावर पाहायचा तसा, आणि चिकानं चिकटलेली बोटं सोडवायला बघत होता.

"आवळायचं मीच म्हटलं होतं. त्याच्यापुढचंही म्हटलं होतं, ते ऐकायला तुला कान कुठे होते? कळ्या धरलेली कुंडी जागची हलवायची नसते. ती इथंच राहील." तिनं पट्टी उचलून दाराकडे केली. "तू हल."