कप्तानाला सगळं दिसतं

नेब्रास्कातल्या टीव्ही केंद्रावर मर्ल लिंडक्विस्ट कप्तानाची टोपी घालून रोज संध्याकाळी मुलांना कार्टून दाखवायचा. एका आईने फोनवर मुलाचं गाऱ्हाणं सांगितलं, म्हणून त्याने कॅमेऱ्यात बघून दम भरला, "ड्वेन, वाटाणे कुत्र्याला घालतोस होय? सगळं दिसतंय मला इथून!"

दुसऱ्या दिवशी तिचा पुन्हा फोन. "कप्तान, पोरानं ताट चाटूनपुसून साफ केलं हो! आता जरा एर्विनलाही झापा ना. कुंपण रंगवायचं टाळतोय."

"एर्विन म्हणजे धाकटा का?"

"नाही हो, नवरा! ड्वेनच्या शेजारी बसून तोही कार्टून बघतो."

मर्लला हसू आवरेना. त्या संध्याकाळी तो कॅमेऱ्याकडे वाकून म्हणाला, "आणि पोरांच्या आडून कार्टून बघणाऱ्या बाबांनो, तुम्हीही दिसताय बरं! कुंपणाचं काय झालं?"

शनिवारी गावातल्या एकाही दुकानात पांढरा रंग मिळेना.