वाक्यानंतरची जागा

"आत्या, तुझा हा एकच धडा असा वेडावाकडा का आहे?" भाचीने विचारलं आणि संगणकाचा पडदा आत्याकडे वळवला.

पडद्यावर आत्याच्या आवाजाचा आलेख होता. एक वाक्य, मग सरळ रेघ. पुन्हा वाक्य, पुन्हा रेघ. रेघ म्हणजे मोकळी जागा. ऐकणाऱ्याने तेवढ्यात ते वाक्य स्वतः म्हणायचं. बाकीच्या धड्यांत या जागा एकसारख्या होत्या. इथे एक आखूड तर एक लांबलचक. भाचीला आधी वाटलं, मोठं वाक्य असेल तिथे जागाही मोठी असेल. तिने पडताळून पाहिलं. तसंही नव्हतं.

आत्याच्या इंग्रजी शिकवणाऱ्या जुन्या कॅसेटी एका कंपनीला आता फोनवर ऐकवायच्या होत्या. त्या साफसूफ करून देण्याचं काम भाचीकडे आलं होतं. आत्या शेवटचं ऐकून होकार द्यायला स्टुडिओत येऊन बसली होती.

"एकसारख्या करून टाकते. एक बटण दाबलं की झालं."

"हात लावू नकोस."

"अगं पण हे बघ ना, केवढं भगदाड आहे!"

"कुठल्या वाक्याला?"

भाचीने लावलं. आत्याचा तरुण, ठणठणीत आवाज आला: "द हाउस वॉज डार्क, बट फॉर्च्युनेटली द डोर वॉज ओपन."

आत्या खुर्चीत जरा पुढे सरकली. "अँड, बट, सो, यांच्या पाठोपाठ काय येतं त्याचा धडा हा. अँड देन. बट स्टिल. सो नॅचरली. नुसतं 'बट' म्हणजे बेल वाजली. दारात कोण उभं आहे, ते पुढचा शब्द सांगतो."

"ते माहितेय गं, घोकून घेतलंयस माझ्याकडून. भगदाडाचं बोल."

"आवाज वाढव."

"तिथे काही नाहीये."

"वाढव म्हणते ना. आगाऊ कुठली!"

भाचीने वाढवला. आधी नुसती खरखर. मग माइकपासून लांब, कुणीतरी पुटपुटलं. "बट फॉर... फॉर्च्यु... फॉर्च्युनेट..." मग नाकातून दाबलेलं हसू. "अगं बाई!" मग पुन्हा, एकेक अक्षर पायाने चाचपून पाहावं तसं, अख्खा शब्द.

भाचीचा हात माउसवरच राहिला.

"आई?"

"मग? नाकातून हसणारं दुसरं कोण होतं आपल्याकडे?"

आई जाऊन बरीच वर्षं झाली होती. फोटो पुष्कळ होते. तिचा आवाज कुठे राहिलेला नाही, असं घरात सगळ्यांनी गृहीत धरलं होतं.

"वहिनीला समोर बसवायचे मी," आत्या म्हणाली. "मी वाक्य बोलायचं, तिने ते मनात म्हणायचं आणि झालं की मान हलवायची. तिने मान हलवली की मी पुढच्या वाक्याला. घरात एकटीने कॅसेट लावून शिकणारीला किती वेळ लागतो, ते मला कुठून कळणार? मला तर येतच होतं. बाकीचे धडे नंतर तेव्हाच्या कॅसेट कंपनीने घड्याळ लावून करून घेतले. इथे मात्र बाईसाहेब मनात म्हणायचं विसरल्या."

तेवढ्यात कंपनीच्या माणसाचा फोन आला. भाचीने स्पीकरवर टाकला.

"गॅप एकसारखे झाले का? लांब गॅप आला की मुलं कंटाळून धडा बंद करतात."

"ज्याला येतं तो कंटाळतो," आत्या मध्येच म्हणाली. "ज्याला येत नाही त्याला हेही पुरत नाही."

"मॅडम, तुम्ही तिथेच आहात होय? अहो, बाकी सगळं छान आहे. पण हा धडा असाच ठेवायचा तर मला तो गाळावा लागेल."

"गाळा. मग बाकीचेही गाळा. होकार अजून दिलेला नाही मी."

भाचीने डोळे मोठे केले. सगळ्या कॅसेटी पुन्हा कुणीतरी ऐकणार म्हणून आत्या महिनाभर ओळखीच्या प्रत्येकाला सांगत सुटली होती. पलीकडे त्याने कुणाशी तरी हळूच बोलून घेतलं.

"बरं, राहू द्या गॅप," तो म्हणाला. "पण मागची ती कुजबुज तरी काढा. आमच्या माणसाला ऐकू आली म्हणे."

"ते बघतो आम्ही," म्हणून आत्यानेच फोन बंद केला.

भाचीने पुटपुटण्याचा तेवढा तुकडा निवडला. तो निळा झाला. पण बटण काही तिच्याच्याने दाबवेना.

"आपल्यासाठी एक प्रत ठेवते."

"ठेव की. ते काय विचारतेस?"

प्रत झाली. तुकडा तसाच निळा होता.

"हे मात्र नको ना काढायला, आत्या. राहिलं तर कुणाचं काय बिघडतं?"

"काढ," आत्या म्हणाली. "तिथे आता दुसऱ्या कुणालातरी अडखळायचंय. तुझी आई बोलत बसली तर त्या शिकणारीने कधी बोलायचं?"

भाचीने बटण दाबलं. रेघ सपाट झाली, लांबी तेवढीच राहिली.

तिने वाक्य पहिल्यापासून लावलं. काळोखं घर, उघडं दार. मग शांतता सुरू झाली आणि संपेचना. धडा अडकला असं वाटून भाचीने हात पुढे केला.

आत्याने तिचं मनगट धरलं.

"थांब गं," ती म्हणाली. "तिचं व्हायचंय अजून."