उजव्या हाताचं काम

"सर, डाव्या हातानं मारलेला छर्रा उलटा फिरून येतो का?"

शिवप्रियानं विचारलं एकदाचं. मागं चैताली आणि हर्षाली तोंडावर ओढणी दाबून हसत होत्या. पैज त्यांचीच होती. सरांना हे विचारून दाखव, मग भजी आमच्याकडून. रेवणसिद्ध सर सैन्यातले निवृत्त हवालदार. धाराशिवला शाळेमागच्या पत्र्याच्या शेडमध्ये ते मुलींना एअर रायफल शिकवायचे. त्यांच्यासमोर शिंकायचं असलं तरी मुली आधी परवानगी मागायच्या.

सर हसले नाहीत. दहा मीटरवरचा कागद काढून आणला आणि तिच्या नाकासमोर धरला.

"उलटा न्हाय येत. पण तुझा खाली जायलाय. हे बघ. पहिले चार मधोमध. पुढचे सहा जिना उतरल्यागत एकेक पायरी खाली. का?"

"हात थरथरायलाय, सर."

"कोणता?"

"उजवा."

मागचं हसणं थांबलं.

शिवप्रिया जन्माची डावखुरी. पहिला महिनाभर सरांनी तिच्या उजव्या खांद्याला रायफल लावली. तेव्हा तिचे छर्रे कागद सोडून सगळीकडं लागले. एकदा तर पंख्याच्या पात्याला. मग एके दिवशी सरांनी तिला दोन्ही तळहातांची खिडकी करून लांबचा खांब बघायला लावला. एकेक डोळा झाकायला सांगितला, आणि कळलं की तिचा नेम धरणारा डोळाही डावाच आहे. "डोळा डावा, तर खांदा डावा," सर म्हणाले. डावखुऱ्या पोरीला शिकवायची त्यांचीही पहिलीच वेळ. म्हणून ते तिच्यासमोर तोंड करून उभे राहिले. "मला आरसा समज. माझा डावा हात जे करंल, ते तुझा उजवा करंल."

तेव्हापासून छर्रे मधोमध बसू लागले. ट्रिगरवरचं डावं बोट तर काय, हुशारच होतं! पण रायफलचं वजन दुसऱ्या हातावर असतं. आणि तिच्या उजव्या हातानं चौदा वर्षांत जेवण आणि प्रसाद सोडून काही केलंच नव्हतं.

"रविवारी लातूरला स्पर्धा हाय," सर म्हणाले. "दोघी ठरल्यात. तिसरी जागा तुझी न्हायतर हर्षालीची. शनिवारी दहा छर्रे मारायचे. दहावा पहिल्याच्या शेजारी बसला, तर तू."

"जागा तुला मिळाली तर भजी मी खाणार," बाहेर आल्यावर हर्षाली म्हणाली. "नाहीतर उलटं. मला दोन्ही चालतंय बघ."

शिवप्रियाला दोन्ही चालणार नव्हतं. तिला जागाच पाहिजे होती. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी तिचा हात न बदलता तिला शिकवत होतं.

घरी तिनं सराव लावला. पाण्यानं भरलेली बाटली उजव्या तळहातावर उभी करायची आणि शंभर आकडे मोजायचे. साठाला हात थरथरायचा. सत्तरला बाटली खाली.

"अगं ए, घर हाय का हौद?" आई, शिवगंगाबाई, स्वयंपाकघरातून ओरडायची.

गुरुवारी सकाळी बाटली चौथ्यांदा पडली. फडकं आणायला ती मधल्या खोलीत गेली आणि दारातच थबकली.

पप्पा गळ्यातल्या इष्टलिंगाच्या पूजेला बसले होते. रोजच बसायचे. इतकी वर्षं रोज बघितल्यामुळं तिनं ते बघायचं सोडून दिलं होतं. मांडी घातलेली, डावा तळहात डोळ्यांसमोर, तळहातावर लिंग आणि नजर त्याच्यावर खिळलेली. उदबत्तीचा धूर हलत होता. हात हलत नव्हता. तिनं घड्याळ बघितलं. पाच मिनिटं. सात. नऊ. मग तिची नजर त्यांच्या कोपरावर गेली. कोपर बरगडीला टेकलेलं होतं. सर रोज घसा फोडून हेच सांगायचे. तिला मात्र ते आज दिसलं.

पूजा संपल्यावर तिनं विचारलं, "पप्पा, हात दुखत नाही तुमचा?"

पप्पांनी तिच्याकडं चमकून बघितलं. घरातलं पूजेबद्दल असं कुणी विचारत नसे.

"पहिल्यांदा लई दुखायचा. लिंगाचं वजन ते किती? आपल्या हाताचंच वजन असतंय. मग मी हात उचलून धरायचं सोडलं. कोपर टेकवलं, श्वास सोडला, आन् हाताला विसरून गेलो."

"विचारायलीस कशाला?" आतून आई. "तुझी लिंगदीक्षा होऊन दोन वर्षं झाली. एक दिवस बसलीस का कधी?"

शिवप्रियानं गळ्यातली, इष्टलिंगाची चांदीची डबी उघडली. पप्पांच्या समोर मांडी घालून बसली. लिंग तळहातावर घेतलं, कोपर बरगडीला टेकवलं, श्वास सोडला.

तीस. साठ. सत्तर. शंभर.

लिंग जागच्या जागी होतं.

भाकरीच्या पिठाचे हात घेऊन आई दारात आली. लेकीला पूजेला बसलेलं बघून तिचा चेहरा उजळला. मग तिनं नीट बघितलं.

"अहो, बघा की! डाव्यावर घ्यायचं लिंग उजव्या हातावर घेतलंय पोरीनं. काहीतरी बोला."

पप्पांनी काही बोलायला तोंड उघडलं. पण त्यांची नजर आधी तिच्या कोपरावर गेली आणि तिथंच राहिली.

शिवप्रियानं डोळे हलवले नाहीत. हातही नाही.

"आई, पप्पा, मी आजपासून रोज पूजेला बसणार. स्पर्धा झाल्यावरपण. आणि मी डावखुरी आहे, लिंग ह्याच हातावर घेणार."