जांभळी इरकल

"हे सॉफ्टवेअर साड्या रंगाप्रमाणे लावतं. या दुसऱ्यात साडी कोणी दिली, तेही दिसतं." शलाकाने लॅपटॉप आईकडे वळवला. कपाटातली प्रत्येक साडी तिने दोन्हींत भरून पाहिली होती.

"दुसरंच घे. माणूस लक्षात राहतं," आई म्हणाली. "टाक बरं माझं नाव."

शलाकाचा हात थबकला. आईने पेन्शनमधून घेऊन दिलेली जांभळी इरकल जुनाट वाटते म्हणून तिने बोहारणीला दिली होती आणि बदल्यात पोळ्यांचा डबा घेतला होता.

"नको गं आई, पहिलंच सुटसुटीत आहे."

"बरं. मग त्यात जांभळ्या काढ."

शलाकाची मान खाली गेली, पण नजर टेबलावरच्या नव्या डब्यावर गेलीच. आईनेही तिकडे पाहिलं.

"डबा मात्र मोठा दिला हो बोहारणीने."